उन्हात वाळवलेला रॉड आणि दोन दिवसांनी आलेली भेग

पत्र थोडक्यात असं: कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणारे एक वाचक लिहितात. वडिलांच्या पश्चात ते आणि त्यांचे काका मिळून धंदा बघतात. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस हे नेहमीचं काम आणि वेल्डिंगचा रॉड, म्हणजे कोटिंग चढवलेली जोड भरायची तार, ६०१३ नंबरचा. या पावसाळ्यात पहिल्यांदाच एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली, ३२ मिलिमीटर प्लेटचे लिफ्टिंग लग (वजन उचलताना अडकवायचे कान) आणि बेस प्लेट. ड्रॉइंगवर ७०१८ रॉड लिहिलेले. रॉडची पाकिटं फोडून दुपारच्या उन्हात पत्र्यावर पसरायची, ऊन नसेल त्या दिवशी गॅस कटरची आच द्यायची, अशी त्यांची पद्धत. पहिला लॉट रवाना झाला. दुसऱ्या लॉटच्या वेळी कंपनीचा इन्स्पेक्टर आला, त्याने डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून भेगा शोधायची चाचणी) केली आणि तीन लगांवर वेल्डच्या कडेला केसासारख्या भेगा निघाल्या. त्याने रॉड कोरडे ठेवायच्या ओव्हनचं रजिस्टर मागितलं. यांच्याकडे ओव्हनच नाही. काका म्हणतात, वेल्ड केलं तेव्हा भेग नव्हती, प्लेटच खराब आहे, आणि उन्हात वाळवलेल्या रॉडनी आम्ही पूल बांधलेत. पुतण्याला वाटतं की काकांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नसावा, पण तोंडाने म्हणवत नाही. त्यांचे प्रश्न असे: ओव्हन घ्यायचा तर कोणता? छप्पर गळून दोन खोकी भिजली, तेवढे रॉड भाजून चालतील का? आणि पहिल्या लॉटबद्दल कंपनीकडून काहीच तक्रार नाही, मग आपण आपणहून बोलावं का?

काका खरं बोलतायत, हे आधी सांगतो. वेल्ड झालं तेव्हा भेग नव्हतीच. स्लॅग, म्हणजे वेल्डवरची खपली, काढला, ब्रश मारला, काकांनी हात फिरवून बघितलं, तेव्हा वेल्ड नितळ होतं. ही भेग नंतर येते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर. म्हणून तर जाड किंवा मजबूत स्टीलच्या कामात वेल्ड थंड झाल्यावर ४८ तास थांबून तपासणी करायची पद्धत आहे. संध्याकाळी पास झालेला जॉब परवा नापास होऊ शकतो आणि मधल्या काळात त्याला कुणी हातही लावलेला नसतो. तेव्हा काकांचा हात गेला, हा निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात त्याला पुरावा एकही नाही.

या भेगेमागे हायड्रोजन असतो आणि तो बहुतेक वेळा पाण्यातून येतो. ७०१८ च्या कोटिंगमध्ये मुख्यतः चुनखडी आणि फ्लोरस्पार असतं आणि ते तारेवर धरून ठेवायला सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेटचा बाइंडर. हा बाइंडर हवेतली ओल ओढतो. आर्कमध्ये, म्हणजे रॉड आणि जॉबमधल्या विजेच्या ज्वाळेत, त्या ओलीतलं पाणी फुटतं, हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि धातू गोठला की आतच अडकतो. पुढे तो स्टीलमधून हळूहळू सरकत राहतो आणि वेल्डच्या शेजारच्या तापलेल्या पट्ट्यात, ज्याला हीट अफेक्टेड झोन म्हणतात, तिथे जमतो. तो पट्टा झपाट्याने थंड होऊन कडक झालेला असेल आणि जॉइंटवर ताण असेल, तर स्टील तिथे फाटतं. हायड्रोजन, कडकपणा आणि ताण, तिघं एकत्र यावे लागतात, आणि जॉब साधारण दीडशे-दोनशे अंशांच्या खाली आलेला असावा लागतो.

आता तुमचा लग डोळ्यांसमोर आणा. ३२ मिलिमीटरची प्लेट वेल्डची उष्णता शोषून घेते, त्यामुळे शेजारचा पट्टा भरभर थंड होऊन कडक होतो. लग चारी बाजूंनी फिलेटने, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या वेल्डने, बांधलेला, हलायला जागा नाही, म्हणून ताण भरपूर. वर जुलैची हवा. तिन्ही गोष्टी जमून आल्या. गेटच्या चौकटीत यातला कडकपणा नसतो आणि ताणही नसतो. तिथे प्लेट पातळ, स्टील मऊ, जॉइंट मोकळा. ६०१३ रॉड तर ७०१८ च्या कितीतरी पट हायड्रोजन सोडतो आणि तरी काकांच्या गेटला कधी भेग गेली नाही. काकांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या प्रकारच्या कामाचा आहे. हे त्यांना याच शब्दांत सांगितलंत तर ऐकतील असं वाटतं.

अजून एक गोष्ट छोट्या वर्कशॉपमध्ये क्वचितच कुणी सांगतं. ड्रॉइंगवर ७०१८ लिहिलं की लोकांना वाटतं, हा ‘जास्त ताकदीचा’ रॉड. ताकदीत ६०१३ पेक्षा तो थोडा वर आहेच, पण जाड प्लेटला तो मागतात ते हायड्रोजन कमी म्हणून. अमेरिकेचा स्ट्रक्चरल वेल्डिंगचा कोड, एडब्ल्यूएस डी१.१, बघा. साध्या ए-३६ स्टीलची २० ते ३८ मिलिमीटर जाडीची प्लेट साध्या रॉडने वेल्ड करायची तर ६५ अंशांपर्यंत प्रीहीट, म्हणजे वेल्डच्या आधी प्लेट तापवणं, मागतो. लो हायड्रोजन रॉड असेल तर तेवढ्याच जाडीला १० अंश पुरतात, म्हणजे आपल्याकडे प्रीहीट करायलाच नको. ही सवलत रॉड कोरडा आहे या भरवशावर दिलेली आहे. रॉड सादळला की नाव ७०१८ राहतं आणि काम साध्या रॉडचं होतं, तेही प्रीहीट न करता. तुमच्याकडे नेमकं हेच घडलं असणार.

‘पण रॉड तर कोरडे ठणठणीत दिसत होते,’ असं तुम्ही लिहिलंय. रॉडच्या कोटिंगमधली ओल डोळ्यांना दिसायची गोष्ट नाही. हिशोब करून बघा: ४ मिलिमीटर जाडीचा, ४५० मिलिमीटर लांबीचा रॉड साधारण ६५ ग्रॅमचा, त्यात कोटिंग वीसेक ग्रॅम. ओल सहन करणाऱ्या रॉडच्या चाचणीत चालणारी मर्यादा कोटिंगच्या ०.४ टक्के इतकी आहे, म्हणजे एका रॉडमागे ग्रॅमच्या दहाव्या भागाहून कमी पाणी. हाताला काय कळणार आणि वाण्याच्या काट्याला काय? दोन रॉड एकमेकांवर आपटून आवाज ऐकायची जुनी पद्धत काकांना नक्की माहीत असेल. टणटण वाजला तर कोरडा, भद्द वाजला तर ओला. ती पूर्ण भिजलेला रॉड पकडते. नुसता सादळलेला रॉड त्या परीक्षेत खुशाल पास होतो.

वेल्ड करतानाची काही लक्षणं असतात: आर्क कडकड वाजतो, शिंतोडे जास्त उडतात, स्लॅग नीट सुटत नाही, बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या रेघेत, भोकं राहतात. कोटिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली किंवा टोकाशी तारेला गंज दिसला, तर तो रॉड फार दिवस ओलीत पडलेला आहे. पण उलटं खरं नाही. यातलं काहीही दिसलं नाही म्हणून रॉड कोरडा, असं म्हणता येत नाही. भोकं पडण्याइतकी ओल येण्याच्या कितीतरी आधी भेग पाडण्याइतका हायड्रोजन येऊन गेलेला असतो. आणि फक्त बीडच्या सुरुवातीलाच भोकं येत असतील तर आर्क लांब धरला जातोय का तेही बघा. ६०१३ वर हात बसलेले वेल्डर ७०१८ लांबून चालवतात, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. त्याला रॉड अगदी चिकटवून चालवावा लागतो.

आता उन्हाबद्दल. सादळलेला पापड उन्हात टाकला की पुन्हा कुरकुरीत होतो, म्हणून रॉडही होईल असं वाटतं. पत्रा भर दुपारी तापून तापून साठ-सत्तर अंशांवर जाईल. तेवढ्याने वरवरची ओल उडते, पण सिलिकेटने धरून ठेवलेलं पाणी सुटायला काहीशे अंश लागतात. शिवाय जुलैत तुमच्याकडे हवेतच नव्वद टक्के आर्द्रता. पत्र्यावर पसरलेला रॉड दुपारी जे सोडतो, ते संध्याकाळी ढग आले की परत घेतो. गॅस कटरची आच तर त्याहून वाईट. ज्योतीतून पाण्याची वाफच बाहेर पडते, रॉड एका अंगाने करपतो, दुसऱ्या अंगाने तसाच राहतो आणि कोटिंगला सूक्ष्म तडे जातात. रॉड जॉबला चिकटवून लाल होईपर्यंत करंट सोडायचा, हा तिसरा उपाय तुम्ही लिहिला नाहीत, पण तो तुमच्याकडेही कधीतरी होत असेल. बंद करा.

ओव्हन कोणता, हे विचारायच्या आधी ओव्हनने काय करून हवंय ते ठरवा. दोन वेगळी कामं आहेत. बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि लोक एक घेऊन दोन्ही झाल्याचं समाधान मानतात.

पहिलं काम भाजायचं. सादळलेल्या रॉडमधलं पाणी काढायचं तर पाकिटावर छापलेलं तापमान आणि वेळ पाळायची. आपल्याकडच्या पाकिटांवर ते बहुधा २५० ते ३५० अंश आणि एक ते दोन तास असं असतं. डी१.१ या वर्गाच्या रॉडना २६० ते ४३० अंशांमध्ये किमान दोन तास सांगतो. थंड रॉड एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये टाकायचे नाहीत. शेवटच्या तापमानाच्या निम्म्याहून कमी तापमानाला अर्धा तास ठेवून मग वर न्यायचं, नाहीतर आतली वाफ कोटिंग फोडून बाहेर येते. खोका, प्लास्टिक, कागद काढून रॉड जाळीवर पातळ थरात पसरायचे. भला मोठा ढीग रचला की बाहेरचे भाजतात आणि मधले कोमट होतात. हे काम करणाऱ्या भट्टीला साइटवर ‘मदर ओव्हन’ म्हणतात.

दुसरं काम राखायचं. भाजलेला किंवा सीलबंद डब्यातून नुकताच काढलेला रॉड पुन्हा सादळू नये म्हणून १२० अंशांच्या वर उबदार ठेवायचा. त्याला होल्डिंग ओव्हन लागतो, आणि वेल्डरच्या बाजूला ठेवायला पाच किलोचा पोर्टेबल ओव्हन. हा पोर्टेबल ओव्हन कोरडा रॉड कोरडा ठेवतो, ओला रॉड कोरडा करत नाही. सादळलेले रॉड रात्रभर त्यात ठेवून ‘ओव्हनमध्ये होते की’ म्हणणारे सुपरवायझर मला दर पावसाळ्यात भेटतात. घेताना तो खरोखर १२० अंशांपर्यंत जातो का ते बघा. काही स्वस्तातले ओव्हन सत्तर-ऐंशीवरच बसतात.

राहिला प्रश्न बाहेर काढल्यावरचा. डी१.१ साध्या ७०१८ ला उघड्यावर चार तास देतो, आणि नावापुढे ‘आर’ असलेल्या, म्हणजे ओल सहन करणाऱ्या रॉडला नऊ तास. पाकिटावर एच४आर असं दिसलं तर पहिला भाग हायड्रोजनचा: १०० ग्रॅम वेल्ड मेटलमागे ४ मिलिलिटरहून जास्त नाही. ‘आर’ची चाचणी २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत नऊ तास ठेवून होते. तुमच्या शेडमध्ये पावसाळी सकाळी आर्द्रता त्याच्याही वर असते, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर चार तासांचे दोनच धरले असते. कोडमध्ये असं लिहिलेलं नाही, हा माझा हिशोब आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ इतकाच, की वेल्डरला चहापर्यंत जळतील तेवढेच रॉड द्यायचे, आणि उरलेले परत आले की वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचे. ते एकदा पुन्हा भाजता येतात. भाजल्यावर टोकाला लाल रंगाचा ठिपका द्या. ठिपका असलेला रॉड दुसऱ्यांदा परत आला तर तो या कामातून बाद. आयटीआयची मुलं शिकायला येत असतील तर त्यांना द्या.

मग तुम्ही काय घ्यावं? मोठी कंपनी म्हणते म्हणून उद्याच मदर ओव्हन घेऊ नका. त्याची किंमत तुमच्या एका ऑर्डरच्या नफ्याला जड जाईल आणि वीजही चांगलीच लागते. महिन्याला किती किलो ७०१८ जळतो ते आधी काढा. थोडाच लागत असेल तर व्हॅक्यूम पॅक घ्या. ही ॲल्युमिनियम फॉइलची हवाबंद छोटी पाकिटं असतात. पाकीट शाबूत असेल तर न भाजता थेट वापरता येतात आणि फोडल्यावर किती तास चालतील ते त्यावर छापलेलं असतं. किलोमागे महाग पडतात हे खरं, पण न लागणाऱ्या भट्टीपेक्षा स्वस्त. सोबत एक पोर्टेबल ओव्हन, जो काही हजारांत मिळतो. वापरायच्या आधी फॉइल हाताने दाबून बघा. आत रॉड घट्ट आवळलेले असायला हवेत. सैल, फुगलेलं पाकीट म्हणजे व्हॅक्यूम गेलेलं पाकीट, आणि ते साध्या पाकिटासारखंच मानायचं.

साधं पाकीट, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, हे हवाबंद नसतं. ‘सील फोडलंच नव्हतं’ या भरवशावर अनेकांची फसगत होते. माळ्यावर, भिंतीला टेकवून, सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेलं असं खोकं दोन पावसाळे बघतं आणि आतले रॉड बिनबोभाट खराब होतात. खोकी लाकडी पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. शक्य असेल तर एका बंद कपाटात किंवा खोलीत, जिथे आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत राखता येईल. कपाटात शंभरचा बल्ब लावून ठेवायची पद्धत न उघडलेल्या खोक्यांना ठीक आहे, उघड्या ७०१८ ला नाही. आधी आलेलं आधी वापरा आणि पावसाळ्यात साठाच करू नका. दुकानदार स्वस्त देतो म्हणून मे महिन्यात वर्षाचा माल भरायची सवय सळई-पत्र्यासाठी ठेवा.

ही कामं तुमच्याकडे येतच राहणार असतील तर तिसरा पर्याय सीओटू वेल्डिंगचा, म्हणजे रॉडऐवजी सलग तार आणि हवा दूर ठेवायला वायूचा झोत. तारेला कोटिंगच नसतं, त्यामुळे सादळायला फारसं काही नसतं. तार गंजू दिली नाही म्हणजे झालं. पण तुमची शेड बाजूंनी उघडी असेल तर कोकणातला वारा गॅस उडवून लावेल. आधी आडोसा, मग मशीन. आणि ड्रॉइंगवर प्रोसेस ठरवून दिलेली असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय बदलायची नाही.

भट्टी घेतलीत किंवा शेजारच्या कुणाची वापरलीत, तरी काही सवयी लावून घ्या. ओव्हनच्या तोंडावरच्या काट्यावर विसंबू नका, मधल्या ट्रेवर थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ठेवून एकदा खरं तापमान बघा. भाजलेल्या रॉडशेजारी ओले रॉड टाकू नका, एकाची ओल दुसरा घेतो. ६०१३ त्याच ओव्हनमध्ये टाकू नका. त्याला शंभर-सव्वाशे अंशांचं हलकं वाळवणं पुरतं, तीनशेला त्याचं कोटिंग जळतं. सेल्युलोजच्या ६०१० ला तर ओव्हनच वर्ज्य, त्याचा आर्क त्या ओलीवरच चालतो. वीज गेली तर दार उघडायचं नाही आणि वेळ लिहून ठेवायची. तापमान १२० च्या खाली गेलं, तर तिथून पुढचे तास ‘उघड्यावर’ धरायचे. आणि जेवणाचे डबे! पोर्टेबल ओव्हनमध्ये भाजी-भाकरीचा डबा तापवणं हा आपल्याकडे हक्कच समजला जातो. डब्यातून निघणारी वाफ कुठे जाते याचा विचार कुणी करत नाही. ओले हातमोजे वाळवायलाही तीच जागा सापडते. डब्यासाठी वेगळी शेगडी ठेवा, नुसत्या दमदाटीने हे थांबत नाही.

रजिस्टर फार थाटाचं नको. शंभर पानी वहीत तारीख, बॅच नंबर, ओव्हनमध्ये कधी टाकले, तापमान, कधी काढले, कुणाला किती दिले, किती परत आले. पुढच्या वेळी इन्स्पेक्टर हेच मागेल. तो येण्याच्या आदल्या रात्री एकाच पेनने महिन्याची वही भरलेली त्यांना पहिल्या पानावर ओळखू येते.

रॉडचं सोडलं तरी ओल येते. पावसाळी सकाळी जाड प्लेटवर दव धरलेलं असतं. गंज, तेल, रंग या सगळ्यांतून हायड्रोजन मिळतो. वेल्ड करायच्या जागेच्या दोन्ही बाजू ग्राइंड करा आणि प्लेट गॅसने हाताला चांगली गरम लागेपर्यंत तापवून मग सुरू करा. तुमच्यासारख्या जखडलेल्या लगाला मी कोडने मागितलं नाही तरी प्रीहीट दिलंच असतं.

भिजलेल्या दोन खोक्यांचं उत्तर सोपं आहे: या कामासाठी बाद. प्रत्यक्ष पाण्यात भिजलेला लो हायड्रोजन रॉड भाजून परत येत नाही, डी१.१ मध्येही तो वापरू नये असंच आहे. कोटिंगखाली तार गंजू लागलेली असते आणि बाइंडर धुतला गेलेला असतो. भिजले किती आणि नुसते दमट झाले किती, याची खात्री नसेल तर सगळी दोन्ही खोकी त्यातच धरा.

काकांच्या पुलांबद्दल. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये किंग स्ट्रीट ब्रिज १९६१ मध्ये सुरू झाला. १९६२ च्या जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, सुमारे ४५ टनांचा एक ट्रेलर वर असताना त्याचे गर्डर तुटले. माणूस दगावला नाही, कारण खालच्या भिंतींनी स्पॅन अडवला. चौकशीत दिसलं की कव्हर प्लेटच्या, म्हणजे गर्डरवर जोडलेल्या जादा प्लेटच्या, टोकाच्या वेल्डशेजारी भेगा फॅब्रिकेशनच्या वेळीच पडलेल्या होत्या. स्टील तापून थंड झाल्यावर कडक होणारं होतं आणि वेल्डिंगमधला हायड्रोजन त्यात भर घालून गेला होता. भेगा लपून राहिल्या, पूल वर्षभर उभा राहिला आणि मग एका थंड सकाळी गेला. ‘आमचा पूल उभा आहे’ हे वाक्य त्या वर्षभरात तिथल्या लोकांनाही म्हणता आलं असतं.

पण गोष्टीपेक्षा काकांना डोळ्यांनी बघू द्या. केमिस्टकडून ग्लिसरीनची बाटली आणा आणि काचेच्या ग्लासात ओता. लहान पट्टीवर एक बीड उन्हात वाळवलेल्या रॉडने टाकायला सांगा, लगेच पट्टी पाण्यात बुडवून थंड करा, झटपट पुसून ग्लिसरीनमध्ये सोडा. दुसऱ्या ग्लासात व्हॅक्यूम पॅकमधल्या ताज्या रॉडचा बीड. तिसऱ्यात ६०१३ चा. थोड्या वेळात धातूतून बारीक बुडबुडे निघून वर चढायला लागतील, एकामागोमाग एक, तासन्‌तास. हा आत अडकलेला हायड्रोजन. ६०१३ चा ग्लास सगळ्यात गजबजलेला, ताज्या रॉडचा जवळपास शांत. आणि उन्हातल्या रॉडचा यांपैकी कुणासारखा दिसतो, ते काकाच सांगतील. एके काळी जपानमध्ये हायड्रोजन मोजायची रीतच ग्लिसरीनची होती, तेव्हा हा काही जादूचा खेळ नाही. तिन्ही बीड त्यांच्याच हातचे असू द्या, म्हणजे हाताचा प्रश्न आपोआप मिटेल. नंतर ओव्हनची किल्ली आणि ती वही काकांकडेच द्या. रॉड कोणाला किती द्यायचे हे मुरलेल्या वेल्डरने ठरवलं तर पोरं ऐकतात, तुम्ही ठरवलं तर कुरकुरतात.

आता पहिला लॉट. तुम्ही पत्रात हा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारलाय. इथे मी मधला मार्ग सुचवणार नाही. तो लिफ्टिंग लग आहे. त्याला वजन टांगलं जाणार आणि त्याखालून माणसं जाणार. तेच रॉड, तीच पद्धत, तेच हवामान, तर भेगा तिथेही असू शकतात. तक्रार आली नाही याचा अर्थ अजून कुणी बघितलं नाही, एवढाच. आजच कंपनीच्या क्वालिटी विभागाला लेखी कळवा: कोणत्या तारखेला कोणते नग गेले, कोणत्या बॅचचे रॉड, ते कसे ठेवले होते, दुसऱ्या लॉटमध्ये काय निघालं. तपासणी होईपर्यंत ते लग उचलण्यासाठी वापरू नयेत असं स्पष्ट लिहा. फोन करा, पण पत्रही पाठवा. ऑर्डर जाईल अशी भीती तुम्हाला आहे आणि ती जाऊही शकते. माझा अनुभव मात्र असा, की स्वतःहून कळवणाऱ्या व्हेंडरला क्वालिटीवाले चार शिव्या घालून ठेवून घेतात. ज्याच्या मालात त्यांनाच भेग सापडली, त्याचं नाव यादीतून जातं.

तपासणी नुसत्या डीपीवर भागवू नका. डीपी वर उघडलेली भेग दाखवते, बीडखाली दडलेली नाही. एमपीआय (चुंबक आणि लोखंडी पुडीने भेग दाखवणारी चाचणी) आणि जिथे शक्य तिथे यूटी (ध्वनिलहरींनी आतली तपासणी) मागा. खर्च तुमच्या माथी येईल, तो दुरुस्तीपेक्षा कमी आहे. भेग निघाली तर तिच्यावरून नवा बीड ओढायचा मोह आवरा, कारण खालची भेग तशीच राहून पुढे वाढते. ग्राइंड करून भेग संपेपर्यंत खणा, पुन्हा डीपी करून ती संपल्याची खात्री करा, दुरुस्तीची पद्धत कंपनीकडून मंजूर करून घ्या, मग प्रीहीट करून भाजलेल्या रॉडने भरा. वेल्ड संपल्याबरोबर थंड पडू न देता दोनएक तास दोनशे-अडीचशे अंशांना राखलंत तर उरलेला हायड्रोजन बराचसा निघून जातो, आणि मग सिरॅमिक ब्लँकेटखाली सावकाश थंड होऊ द्या. त्यानंतर ४८ तास थांबून पुन्हा तपासणी. दुसऱ्या लॉटच्या तीन लगांनाही हेच, आणि ज्यांत भेग दिसली नाही त्यांनाही एकदा एमपीआय.

पुढच्या कोटेशनमध्ये रॉडची साठवण आणि भाजणं ही एक वेगळी ओळ टाका आणि तिचे पैसे लावा. ७०१८ च्या किलोच्या भावावर काम धरलंत तर हा सगळा खर्च तुमच्याच खिशातून जात राहील. खरेदी विभागाने ती ओळ काढायला सांगितली, तर त्यांच्याच ड्रॉइंगवरची रॉडची अट दाखवा.